बिनहुद्द्याची नावं

आमच्या मामाकडच्या ग्रुपवर आठवडाभर एका दगडावरून भांडण चाललंय. मामाचं मूळ गाव साताऱ्याकडचं. तिथे देवळाच्या ओट्याला एक संगमरवरी पाटी आहे, इंग्रज सरकारने लावलेली. या गावातून १९१४-१९च्या महायुद्धात अमुक इतके गेले, त्यातले इतके मेले, एवढंच तिच्यावर. नाव एकाचंही नाही, नुसते आकडे. यात्रा कमिटीने आता शेजारी नवा दगड बसवून नावं कोरायचं ठरवलं आणि वादाला तोंड फुटलं. एक म्हणतो, गोऱ्यांच्या पगारी शिपायांना हुतात्मा कसं म्हणायचं? दुसऱ्याला आधी सुभेदार, मग हवालदार, मग शिपाई असा क्रम हवा. तिसऱ्याचा सगळा जीव ‘यांच्या शुभहस्ते’ या ओळीत अडकलेला.

मी कॅनबेरातून लांबलचक मेसेज टाकला. रविवार होता, वूलीज सुपरमार्केटमधून येऊन चहा ठेवला होता, वेळ होता. लिहिलं की आमच्या इथल्या वॉर मेमोरियलमध्ये काशाच्या पट्ट्यांवर एक लाखाहून जास्त नावं आहेत आणि एकाच्याही पुढे हुद्दा नाही. शौर्यपदकसुद्धा नाही. कर्नल आणि खंदक खणणारा पोरगा शेजारी शेजारी, पलटणीप्रमाणे आणि मग अक्षरवार. लोक नावाशेजारच्या फटीत लाल कागदी पॉपीची फुलं खोचतात. रात्री बाहेरच्या भिंतीवर एकेक नाव प्रकाशात उमटतं आणि ते कधी उमटणार हे आधी शोधता येतं. मेलेल्यांत वरचा-खालचा काय करता रे, असा शेवट केला. बहुतेक ‘आमच्या इथे’ हे शब्द लोकांना लागले.

मामेभाऊ खडकीत राहतो. मामासारखाच दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालाय. त्याने एकच ओळ टाकली : “दादा, पुण्यात पण आहे आपलं. कँपात, लोकवर्गणीतून झालेलं.” खरं आहे. सदर्न कमांडचं स्मारक १५ ऑगस्ट १९९८ला खुलं झालं, तेही नागरिकांच्या पैशांतून. मी ते कधी पाहिलेलं नाही. पुण्याला आलो की चितळे, दगडूशेठ, बँकेचं केवायसी, यातच तीन आठवडे संपतात. पण हे ग्रुपवर कोण लिहिणार? मी लिहिलं, त्यात १९४७ नंतरचेच आहेत, आपला विषय आधीच्यांचा आहे. त्याचा अंगठा आला. मामेभावाच्या अंगठ्याचा अर्थ ‘बरं बाबा’ असा असतो.

मुद्दा मात्र माझा बरोबरच होता. इथे २५ एप्रिलला, युद्धातल्या मृतांच्या स्मृतिदिनाला, शाळकरी पोरंसुद्धा पहिल्या महायुद्धातली गॅलिपोलीची लढाई सांगतात. लेक लहान असताना मी तिला कडाक्याच्या थंडीत डॉन सर्व्हिसला, म्हणजे पहाटेच्या स्मरणसभेला, न्यायचो आणि दुपारी टू-अपच्या जुगारात वीस डॉलर घालवून यायचो. चार दिवसांनी, २९ एप्रिलला, काय झालं होतं हे पुण्यात कुणाला विचारा. १९१६ साली त्या दिवशी इराकमधल्या कुट-अल-अमारात तुर्कांना जे सैन्य शरण गेलं त्याचं नावच मुळी पूना डिव्हिजन. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. शहराचं नाव लावून गेलेली माणसं उपासमारीने आणि नंतर कैदेत मेली आणि शहराला पत्ता नाही. बसराच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, शिपायांचा फक्त पलटणवार आकडा. आमच्या गावच्या पाटीसारखंच. आणि खडकीच्या गोऱ्यांच्या दफनभूमीत मात्र दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी आहेत आणि हिंदुस्थानात मेलेल्या पहिल्या महायुद्धातल्या १,८००हून अधिक जणांची नावं कोरलेली आहेत. तिथलं गवत आमच्या क्रिकेटच्या मैदानापेक्षा चांगलं असायचं. आम्ही कुंपणावरून बॉल आणायला उड्या मारायचो.

मग पुतणीने, म्हणजे मामेभावाच्या मुलीने, मला गप्प केलं. ती इतिहासात एमए करतेय. तिने लिहिलं, “काका, नुसती नावं म्हणजे समता असं नसतं. भीमा कोरेगावच्या स्तंभावर ४९ नावं आहेत. त्यातल्या २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, म्हणून तर कळतं की ते महार होते. बाबासाहेब १९२७ला तिथे गेले ते काय अक्षरवार यादी वाचायला? शेपूट कापून नाव कोरलं असतं तर काय वाचलं असतं?” यावर मी कॅनबेराची कोणती गोष्ट सांगणार होतो? इथेही भांडण आहेच. गोऱ्यांशी लढताना मेलेल्या इथल्या मूळ रहिवाशांना त्या इमारतीत किती जागा द्यायची यावर वर्षानुवर्षं चालू आहे. ते मी माझ्या मेसेजमधून गाळलं होतं.

खरी गोष्ट वेगळीच आहे. त्या पाटीवरच्या मेलेल्यांच्या आकड्यात एक आईचे आजोबा. युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि नावं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत मी त्यांना तीन रात्री शोधलं. नाव-आडनाव असं, की सातारा जिल्ह्यात ढिगाने निघतात, त्यात इंग्रज कारकुनाची स्पेलिंगं. अकरा जण सापडले. बापाचं नाव आम्हाला माहीत नाही. पलटण ‘मराठा’, यापुढे नाही. कॅनबेरात बिनहुद्द्याची नावं चालतात, कारण त्या प्रत्येकामागे नंबर, पलटण, आईने भरून दिलेला फॉर्म अशी फाइल आहे. हे माझ्या लक्षात यायला तिसरी रात्र लागली.

आईच्या आजोबांची काशाची थाळी मामाकडे होती. मेलेल्याच्या घरी पाठवायचे तशी, ब्रिटानिया आणि सिंह असलेली, चौकटीत नुसतं नाव. तिच्यावरही हुद्दा नाही, मुद्दामच ठेवला नव्हता. मामीने ती वर्षानुवर्षं लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून वापरली. चांदीचं मेडल आईकडे होतं. मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण असं सगळं बारीक अक्षरांत कोरलेलं असतं. लहानपणी ते फिरवत मी वाचायचो. ‘मराठाज’च्या स्पेलिंगमध्ये मधेच एच कशाला, एवढंच आठवतंय.

२००३ साली लेकीचं बारसं खडकीतच केलं. सोन्या-चांदीची जुळवाजुळव चालू होती. आईने ट्रंकेतून ते काढून विचारलं, “चांदीचंच आहे ना रे हे?” मी म्हणालो, हो, घाल मोडीत, इतकी वर्षं पडून तर आहे. लक्ष्मी रोडच्या सराफाने त्यात भर घालून वाळे करून दिले. एकाचा घुंगरू विमानातच पडला. ते वाळे इथे माझ्या कपाटात आहेत, पासपोर्टांच्या पिशवीत.

काल कमिटीने थाळीचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली मामेभावाने लिहिलंय : “दादा, नाव असंच कोरतो, तुझ्या म्हणण्याप्रमाणे बिनहुद्द्याचं. फक्त खात्रीसाठी, मेडल आत्याकडे होतं ना? कडेवरचा नंबर बघून पाठव.”

दोन निळ्या टिका त्याला दिसल्या असणारच.