सीए-१२५ नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका

सगळीकडे फिरणारा एक मेसेज आज घरातल्या बायकांच्या ग्रुपवरही आला. "पस्तिशीनंतर प्रत्येकीने दरवर्षी सीए-१२५ ही रक्ततपासणी करा. आकडा ३५ च्या आत म्हणजे अंडाशयाचा कॅन्सर नाही. डॉक्टर मुद्दाम सांगत नाहीत. पॅप स्मिअरमध्येही हा कॅन्सर कळतो. ओव्हरीत गाठ दिसली तर सुईने पाणी काढून घ्या, ऑपरेशन टळतं." खाली दोघींनी लगेच लॅबचा नंबर मागितला, म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात घातक आहे ते "३५ च्या आत म्हणजे कॅन्सर नाही". पहिल्या स्टेजला जवळपास निम्म्या जणींचा सीए-१२५ नॉर्मलच असतो. आजार जिथे पकडायचा, नेमकी तिथेच ही तपासणी हुकते. पोट सतत फुगलेलं, दोन घासांत पोट भरतंय, ओटीपोटात दुखतंय, सारखं लघवीला जावं लागतंय, हे नव्यानेच सुरू झालंय आणि महिन्यातले बाराहून जास्त दिवस होतंय, तर डॉक्टर गाठायचे. अशी बाई नॉर्मल रिपोर्ट उराशी धरून ॲसिडिटीच्या गोळ्या घेत बसली, तर गेलेले महिने तिला कोण परत देणार?

आता वाढलेला आकडा. सीए-१२५ हे रक्तातलं एक प्रोटीन. पोटाच्या आतल्या अस्तराला त्रास झाला की ते वाढतं. पाळी चालू असताना, गरोदरपणात, एंडोमेट्रिओसिस, फायब्रॉइड, पोटाचा टीबी, लिव्हर सिरॉसिस अशा कितीतरी कारणांनी वाढतं. अमेरिकेतल्या पीएलसीओ नावाच्या मोठ्या संशोधनात ५५ ते ७४ वयाच्या ७८,२१६ बायका होत्या. निम्म्या जणींची सहा वर्षं दरवर्षी सीए-१२५ आणि पहिली चार वर्षं योनिमार्गातून सोनोग्राफी केली. निष्कर्ष २०११ साली आले: तपासणी न केलेल्यांच्या तुलनेत मृत्यू कमी झाले नाहीत. कॅन्सर नसताना ३,२८५ जणींचे रिपोर्ट संशयास्पद आले, त्यातल्या १,०८० जणींवर शस्त्रक्रिया झाली आणि १६३ जणींना गंभीर गुंतागुंत सोसावी लागली. डॉक्टर ही तपासणी सरसकट सांगत नाहीत ते यामुळे. पुढे ब्रिटनमधल्या दोन लाखांवर बायकांच्या संशोधनात लवकरच्या स्टेजचे कॅन्सर जास्त सापडले, पण २०२१ च्या निकालात मृत्यू तेवढेच.

तपासणी टाकाऊ आहे असं मात्र नाही, एवढं मान्य करावं लागेल. कॅन्सरचे उपचार लागू पडतायत का हे बघायला ती नेहमी वापरली जाते. गाठ सापडल्यावरही उपयोगी पडते, पण एकटी नाही; धोका किती ते ठरवायला गुणांचा हिशेब मांडतात. सोनोग्राफीत दोन किंवा जास्त संशयास्पद खुणा (गाठीत घट्ट भाग, अनेक कप्पे, पोटात पाणी अशा) असतील तर ३ गुण, एकच असेल तर १, एकही नसेल तर ०. पाळी गेलेली असेल तर ३, नाहीतर १. या दोन्हींचा सीए-१२५ शी गुणाकार करतात. पाळी गेलेल्या बाईचा सीए-१२५ नुसता ४० आणि खुणा दोन असतील, तर ३ × ३ × ४० = ३६०. पाळी चालू असलेल्या तरुणीचा ८० आणि खूण एकच असेल, तर ८०. साधारण २०० ते २५० च्या वर गेलं की कॅन्सरच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवतात. दुप्पट आकडा असलेली तरुणी त्या रेषेच्या बरीच खाली राहते.

पॅप स्मिअर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी आहे. ती करायचीच, पण अंडाशयासाठी तिचा भरवसा नाही.

सुईचा सल्ला तर पाठवूच नका. गाठ कॅन्सरची निघाली आणि तिचं कवच फुटलं, तर पेशी पोटात सांडतात. १ए स्टेजचा, म्हणजे अंडाशयाच्या आतच असलेला आजार पुढच्या १सी स्टेजचा होतो आणि कदाचित टळली असती ती केमो घ्यावी लागू शकते. शिवाय काढलेल्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडतीलच असं नाही. पाळी चालू असलेल्या बाईची ५ सेंटीमीटरच्या आतली, नुसत्या पाण्याची गाठ बहुतेक वेळा दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरते.

आई, बहीण, मावशी किंवा आत्याला अंडाशयाचा किंवा कमी वयात स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तर विचारायची रक्ततपासणी वेगळी आहे: बीआरसीए जनुकांची. सर्वसाधारण बाईला आयुष्यभरात हा कॅन्सर होण्याची शक्यता शंभरात एक-दोन, बीआरसीए-१ मध्ये दोष असेल तर शंभरात चाळीसच्या आसपास. शक्य असेल तर ही तपासणी आधी जिला कॅन्सर झाला तिचीच करतात. तिच्यात दोष सापडला आणि तोच दोष तुमच्यात नसला, तरच तुमच्या "नॉर्मल" रिपोर्टला खरा अर्थ येतो.