चाकं आम्ही मुद्दाम देत नाही, मालक

नमस्कार मालक,

तुमचा रिव्ह्यू वाचला. शिलाई मशीनच्या चौदा खुर्च्या चार दिवस उशिरा पोचल्या, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत वेल्डर सुट्टी घेतात हे सोलापुरात धंदा करणाऱ्याला माहीत असतं. तारीख देतानाच ते धरायला हवं होतं. चूक आमची.

पण पुढं तुम्ही लिहिलंय, "२,६०० रुपयांची खुर्ची आणि साधी चाकंपण नाहीत. शेवटी आम्हीच बसवून घेतली. तरी महिन्यात बायकांच्या कमरा धरल्या. एर्गोनॉमिक नुसतं नावाला." दोन तारे दिलेत त्याचं काही नाही, पण खुर्ची एर्गोनॉमिक, म्हणजे बसणाऱ्याच्या अंगाला सोसेल अशी नाही, हे शेवटचं वाक्य फार लागलं.

शिलाईच्या खुर्चीला चाकं द्यायची नसतात. ऑफिसात बसणाऱ्याचे पाय मोकळे असतात, मशीनवरच्या बाईचा पाय दिवसभर पायडलवर. पायडल दाबलं की तोच जोर खुर्चीला मागं ढकलतो. खाली चाकं असली की खुर्ची दर वेळी बोटभर सरकते. सुई सोडून तिला मागं जाता येत नाही, मग ती सीटच्या काठावर येते. पाठ टेकायची पाटी मागं राहते आणि पुढं झुकलेल्या अंगाचा भार कमरेवर. खुर्ची पळू नये म्हणून दुसरा पाय रोवून धरावा लागतो, त्यानं मांडी भरून येते ते वेगळंच.

तुम्ही टाकलेला फोटो जरा मोठा करून बघा. सीटचं रेक्झिन फक्त पुढच्या चार बोटांत चकाकतंय, आणि पाठीच्या पाटीवर आमचं पॉलिथिन अजून तसंच आहे, सुरकुतीसुद्धा नाही. महिनाभरात त्या पाटीला कुणाची पाठ लागलेलीच नाही.

आणि उंची. चाकांमुळे खुर्ची ६ सेंमी वर गेली. ऑर्डर घेताना आम्ही प्रत्येकीचं माप चप्पल काढून, गुडघ्यामागच्या लवणीपासून जमिनीपर्यंत घेतलं होतं. पाच जणींची सीट सगळ्यात खालच्या खुणेवर, ४० सेंमीवर बसवली होती. ती आता ४६ झाली, आणि खाली घ्यायला दांडीत जागाच नाही. टाच लोंबकळते, सीटची कड मांडीखाली रुतते, पायाला मुंग्या येतात. टेबल तेच ७५ सेंमीचं, म्हणजे बाई वर गेली आणि काम खाली राहिलं. मांडी मशीनखालच्या तेलाच्या ट्रेला घासते, मान आणखी वाकते. यात खुर्चीचा काय दोष, तुम्हीच सांगा.

दराबद्दल एवढंच, की बाजारातली ऑफिसची खुर्ची बहुतेक वेळा खाली घेऊन घेऊन ४२-४३ सेंमीवर अडते. आपल्याकडच्या बुटक्या बाईला ती उंचच पडते. म्हणून आमच्याकडं स्क्रूची दांडी वेगळी करावी लागते, पाटी वरखाली होणारी लागते. त्याचे पैसे आहेत.

चाकं का नाहीत हे बिलासोबत लिहून द्यायला हवं होतं, ते आम्ही करू. तारखांचंही बघतो आहोत. पण चाकं बसवायच्या आधी एक फोन केला असता तर बरं झालं असतं, मालक. बारा वर्षं अक्कलकोट रोडला याच कामावर घर चालतं, आणि गिऱ्हाईक आधी रिव्ह्यू वाचतं.

तुमच्या सुट्टीच्या दिवशी आमचा माणूस पाठवतो, पैसे नकोत. चाकं काढून खुर्चीच्या पायांना रबरी बूट बसवेल, सीट जुन्या खुणांवर आणेल, पाटी प्रत्येकीच्या कमरेच्या खळग्यावर घेईल. पायडलचे बोल्टही सैल करून ते बसणाऱ्याकडं ओढून देईल. फोटोत दोन मशीनवर ते फार आत दिसतंय, आणि पाय लांबवून पोचावं लागलं तर कुठलीही खुर्ची दिली तरी बाई काठावरच येणार. तासाभरानं पाचेक मिनिटं उठायला मात्र तुम्हालाच सांगावं लागेल.

तोवर पाटीवरचं पॉलिथिन तेवढं काढून टाका. उन्हाळा लागला की घामानं पाठ त्याला चिकटते आणि मग कुणी टेकतच नाही.