अध्यक्षांच्या दप्तरात खरे काही उरतच नाही?

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीने मला एक संदेश पाठवला आणि त्याखाली लिहिले, ‘मावशी, हे खरे असेल तर तिसरे प्रकरण गाळलेलेच बरे.’ ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अमेरिकी विद्यापीठांच्या प्रवेशधोरणावर प्रबंध लिहीत आहे आणि त्या प्रकरणाचा सगळा भार ॲबट लॉरेन्स लोवेल यांच्या कागदपत्रांवर आहे. लोवेल १९०९ ते १९३३ या काळात हार्वर्डचे अध्यक्ष, म्हणजे आपण ज्यांना कुलगुरू म्हणतो त्या पदावर होते. कित्येक गटांतून फिरत आलेल्या त्या संदेशातील दावे असे आहेत: अध्यक्ष पायउतार होताना अडचणीचे कागद काढून घेतात, म्हणून अभिलेखागारात पोचते ते फक्त धुऊन काढलेले दप्तर, ज्या खोक्यांवर ‘ऐंशी वर्षे बंद’ अशी अट असते त्यांत गुन्हे दडवलेले असतात, वाचण्याजोगे ते सगळे इंटरनेटवर आलेलेच आहे, आणि कागद कुटुंबाचे असल्याने ते केव्हाही परत नेता येतात. पहिले दोन दावे एकमेकांनाच छेद देतात, कारण दप्तर जर धुऊन काढलेले असेल तर ऐंशी वर्षे कुलपात ठेवण्यासारखे त्यात काय उरते, हा साधा प्रश्नही लिहिणाऱ्याला पडलेला नाही.

यातला पहिला दावा सर्वांत घातक आहे, कारण तो वाचणाऱ्याला खोके उघडण्याआधीच परत पाठवतो. त्याला उत्तर हार्वर्डच्याच अभिलेखागारात आहे. मे १९२० मध्ये सिरिल विल्कॉक्स या विद्यार्थ्याने आत्महत्या केली. त्याच्या नावे आलेल्या पत्रांवरून विद्यापीठातील काही समलिंगी विद्यार्थ्यांचा सुगावा त्याच्या भावाला लागला, त्याने तो प्रभारी डीनच्या कानावर घातला आणि लोवेल यांच्या संमतीने पाच जणांचे एक गुप्त चौकशी मंडळ बसले. मुलांना एकेकटे बोलावून त्यांच्या अत्यंत खासगी आयुष्याविषयी प्रश्न विचारण्यात आले. आठ विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. चौकशीच्या फेऱ्यात सापडलेल्या आणखी एका विद्यार्थ्याने त्याच वर्षी जून महिन्यात जीव दिला. विद्यापीठाला याहून लाजिरवाणे दप्तर कोणते असू शकते? तरीही ते कोणी जाळले नाही. जबाबांची टिपणे, पत्रे आणि निर्णय असे सुमारे पाचशे कागद तसेच राहिले आणि २००२ मध्ये ‘हार्वर्ड क्रिमसन’ या विद्यार्थी दैनिकाच्या एका वार्ताहराला अभिलेखागाराच्या सूचीत ‘सीक्रेट कोर्ट फाइल्स, १९२०’ एवढीच नोंद दिसली. त्या नोंदीवर बोट ठेवून त्याने फाइल मागितली, म्हणून ही हकीकत बाहेर आली. सूचीत काही सापडणारच नाही असे मानून तो घरी बसला असता, तर त्या मुलांविषयी आज आपल्याला काहीही कळले नसते.

येथे एक गोष्ट मला मान्य करावी लागते, जरी ती या संदेशाच्या बाजूने जाते. हार्वर्डने ती फाइल सुखासुखी दिली नाही. आधी नकार मिळाला, मग पाठपुरावा झाल्यावर विद्यार्थ्यांची नावे झाकून कागद देण्यात आले आणि नावे वार्ताहरांना इतर नोंदींशी ताडून शोधावी लागली. संस्थांना आपली लाज झाकावीशी वाटते, हे खरेच आहे. पण तत्कालीन अध्यक्ष लॉरेन्स समर्स यांना त्या प्रकाराबद्दल जाहीर खेद व्यक्त करावा लागला, तो कागद टिकले होते म्हणूनच.

शिवाय पत्राला दोन टोके असतात. पाठवणाऱ्याने आपल्याकडची कार्बन प्रत फाडली, तरी ज्याला पत्र गेले त्याच्या घरचे पत्र पाठवणाऱ्याच्या हाती नसते. लोवेल यांनी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षाच्या वसतिगृहांत राहण्यास मनाई केली होती. हार्वर्डचेच पदवीधर रॉस्को काँकलिंग ब्रूस यांनी आपल्या मुलासाठी जागा मागितली, तेव्हा शिक्षणाची संधी समान देऊ, पण गोऱ्यांना आणि कृष्णवर्णीयांना एकत्र राहायला भाग पाडणार नाही, अशा आशयाचे उत्तर लोवेल यांनी पाठवले. ब्रूस यांनी तो पत्रव्यवहार त्याच वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध केला आणि १९२३ मध्ये विद्यापीठाच्या नियामकांनी ती मनाई उठवली. आता ज्याला लोवेल यांचे दप्तर धुतलेले वाटते, त्याने ब्रूस यांच्याकडचे पत्र कसे धुतले जाते ते सांगावे.

अध्यक्षांच्या कागदांत सगळेच सापडते, असे मात्र मी म्हणणार नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क केर यांना १९६७ मध्ये पदावरून दूर करण्यात आले. त्याआधी एफबीआय त्यांच्याविरुद्ध काय करत होती, हे त्यांच्या स्वतःच्या दप्तरातून कसे कळणार? ते कळले एफबीआयच्या फाइलींतून, माहितीच्या कायद्याखाली वर्षानुवर्षे भांडल्यावर. त्याचा अर्थ दुसरे दप्तरही पाहावे इतकाच होतो, पहिले टाकून द्यावे असा होत नाही.

बाकीचे दावे थोडक्यात निकालात निघतात. सगळे इंटरनेटवर आलेले नाही. वुड्रो विल्सन प्रिन्स्टनचे अध्यक्ष होते आणि पुढे देशाचे झाले. त्यांच्या कागदपत्रांचे १९६६ ते १९९४ या काळात ६९ खंड छापले गेले, आणि तीही निवडच आहे. कमी प्रसिद्ध अध्यक्षांच्या वाट्याला सहसा फक्त सूची येते. खोके जाऊन उघडावे लागतात. कुटुंबाच्या मालकीचे म्हणाल, तर अध्यक्षपदाच्या कचेरीचा पत्रव्यवहार ही संस्थेची मालमत्ता असते आणि खासगी कागद दानपत्राने दिलेले असतील तर त्यांना दानपत्रातील अटी लागू होतात.

राहिला ऐंशी वर्षांचा प्रश्न. हार्वर्डमध्ये सर्वसाधारण प्रशासकीय कागद ५० वर्षे आणि विद्यार्थी व कर्मचारी यांच्या नोंदी ८० वर्षे बंद असतात, कारण त्या कागदांत मुलांचे गुण, आजारपण आणि शिक्षा यांची नोंद असते आणि ती माणसे जिवंत असू शकतात. १९२० च्या ज्या मुलांची नावे झाकली गेली, त्यांच्याकडे पाहिले की ही अट कोणासाठी आहे ते समजते. भाचीला मी इतकेच लिहिले की लोवेल १९३३ मध्ये निवृत्त झाले, त्यात ८० मिळवले की २०१३ येते, म्हणजे तिच्या प्रकरणातील शेवटच्या कागदाचीही मुदत केव्हाच उलटून गेली आहे. सूचीतील खोक्याचा क्रमांक आणि फोल्डरचे नाव लिहून अभिलेखागाराला आजच पत्र टाक.