सॅम्पल फ्रीझरमध्ये ठेवलं की झालं? (एका कमेंटला उत्तर)

दादा, कमेंट सविस्तर लिहिलीत त्याबद्दल आधी थँक्स. तुमचं म्हणणं असं की थंडीने सॅम्पल बिघडतं असं सांगून मी लोकांना उगाच घाबरवतोय, आईंचं टीएसएचचं (थायरॉईडची टेस्ट) सॅम्पल नाशिकच्या सिडकोतून मुंबईला बर्फात गेलं तरी रिपोर्ट बरोबर आला, मायनस वीस डिग्रीला रक्त जसंच्या तसं राहतं आणि रिपीट टेस्ट म्हणजे निव्वळ पैसे काढायचा धंदा.

आईंचा रिपोर्ट बरोबरच असणार हो. सीरम (रक्ताची गुठळी झाल्यावर वर राहणारं पिवळसर पाणी) वेगळं काढून पाठवलं असेल तर टीएसएच, कोलेस्टेरॉल, बऱ्याचशा अँटिबॉडी थंडीत मस्त टिकतात. पण त्या एका टेस्टवरून सगळ्यांचा निकाल कसा लावणार?

मुळात फ्रीझ करतात ते सीरम नाहीतर प्लाझ्मा (गुठळी होऊ न देता काढलेलं तसंच पाणी), अख्खं रक्त नाही. आपली द्राक्षं डीप फ्रीझरला टाकून बाहेर काढा, कशी पिचकून पाणी सुटतं, लाल पेशींचं तेच होतं, आणि त्यांच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा वीसेक पट तरी जास्त, शिवाय एलडीएच, एसजीओटी ही एन्झाइम्स पण भरलेली, मग पेशी फुटल्या की ते सगळं सीरममध्ये आणि रिपोर्टमध्ये पोटॅशियम असं चढतं की डॉक्टर ईसीजी काढायला पळवतात, पेशंट आपला धडधाकट बसलेला. सीबीसीचं, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या टेस्टचं, तर विचारूच नका, मोजायला पेशीच उरत नाहीत.

बरं, गोठायलाच पाहिजे असंही नाही. स्पिन न केलेली (मशीनमध्ये गरागरा फिरवून पेशी खाली न बसवलेली) ट्यूब रात्रभर साध्या फ्रीजमध्ये राहिली तरी थंडीने पेशींचा पोटॅशियम आत ठेवणारा सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो आणि पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपतं, आणि यात पेशी फुटत नाहीत म्हणून सीरम लाल पण दिसत नाही त्यामुळे बघून कळायचा चान्सच नाही! मे महिन्यात सिडको ते पंचवटी बाईकवर सॅम्पल नेणारी पोरं ट्यूब आईस पॅकला चिकटवून ठेवतात ना, उन्हाच्या भीतीने, तिथे पण कडेच्या रक्ताचा बर्फ होऊन पेशी फुटू शकतात. मध्ये कागद नाहीतर कापड पाहिजे.

मायनस वीसबद्दल. एसजीपीटी (लिव्हरचं एन्झाइम) त्या तापमानाला टिकत नाही, खोटं कमी येतं, मायनस सत्तरला बरंच बरं राहतं. एलडीएचला तर साधा फ्रीजपण मानवत नाही. आणि घरचा फ्रॉस्ट फ्री असेल तर तो बर्फ साचू नये म्हणून अधूनमधून स्वतःच गरम होतो, म्हणजे सॅम्पल गोठ-वितळ गोठ-वितळ, हे सगळ्यात वाईट, म्हणून तर चांगल्या लॅब छोटे छोटे भाग करून ठेवतात आणि एकदा वितळवलेलं परत आत टाकत नाहीत. वितळल्यावर हळू उलटंपालटं करून मिक्स पण करावं लागतं, नाहीतर वर पातळ, खाली घट्ट आणि मशीन जिथून ओढेल तो आकडा.

पीटी आयएनआरची (रक्ताची गुठळी व्हायला किती वेळ लागतो ती टेस्ट) निळ्या झाकणाची ट्यूब बर्फावर ठेवायचीच नाही. रूम टेम्परेचरला 24 तासांच्या आत टेस्ट. लांब पाठवायचं असेल तर प्लाझ्मा दोनदा स्पिन करून मग फ्रीझ आणि तिकडे 37 डिग्रीला पटकन वितळवायचं. हृदयात वॉल्व्ह बसवलेल्या माणसाचा रक्त पातळ करायच्या गोळीचा डोस त्या आकड्यावर ठरतो, तिथे चालढकल नको.

राहिला पैशांचा मुद्दा. सॅम्पल नीट ठेवलं नाही म्हणून रिपीट करावं लागत असेल तर खर्च लॅबचाच, पेशंटने एक रुपया देऊ नये, इथे आपलं भांडणच नाही. सरळ फुकट करून मागा.