विरोध पैशाच्या देशाला नसतो

‘परदेशी पैशाचा प्रकल्प म्हटला की गावकरी कोणाच्या तरी चिथावणीने उभे राहतात, चौपट मोबदला मिळूनही अडून बसतात आणि आलेला पैसा परत जातो,’ असा संदेश सध्या नाशिककरांच्या फोनवर फिरतो आहे. तो पुढे पाठवणाऱ्यांनी आधी आपल्याच जिल्ह्याकडे पाहावे.

पैसा परदेशी म्हणून विरोध होतो, हे तर सातपूरची औद्योगिक वसाहतच खोटे ठरवते. तिथल्या जर्मन भांडवलाच्या मायको कारखान्यात नाशिकच्या दोन पिढ्या कामाला लागल्या. 2008 मध्ये कंपनीचे नाव बॉश झाले, पण चौक आजही मायको सर्कलच आहे. उलट सिन्नर तालुक्यातील शिवडे गाव 2017 च्या सुमारास ज्या समृद्धी महामार्गाच्या मोजणीला आडवे गेले, तो राज्य सरकारचाच प्रकल्प होता.

आता चौपटीविषयी. 2013 च्या भूसंपादन कायद्याने ग्रामीण भागात बाजारमूल्याच्या चौपटीपर्यंत मोबदल्याची सोय केली खरी. पण ते मूल्य ठरते मुख्यतः नोंदलेल्या खरेदीखतांवरून, आणि खतावर व्यवहाराची पूर्ण रक्कम क्वचितच असते, हे गावात कोणालाही विचारावे. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद राहून गेली असेल, तर बागायत जमीन जिरायत ठरण्याची भीती असते. द्राक्षबागेचा मांडव, तारा, ठिबक आणि पहिला माल हाती येईपर्यंत पोसलेली वेल, हे सारे पंचनाम्यात नीट उतरले नाही, तर शेतकऱ्याने मोजणीवर सही का करावी? उताऱ्यावर नाव नसलेल्या वाटेकऱ्याच्या हाती तर बहुधा काहीच पडत नाही. एवढे समजायला चिथावणी लागत नाही.

पैसा परत जाण्याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच नाशिक विभागाशी, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील मणिबेलीसारख्या धरणग्रस्त गावांशी जोडलेले आहे. नर्मदेवरील सरदार सरोवर धरणासाठी जागतिक बँकेने 1985 मध्ये 45 कोटी डॉलर मंजूर केले. बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने 1992 मध्ये पुनर्वसन सदोष असल्याचे सांगितले आणि 1993 मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज स्वतःच नाकारले. त्याच वर्षी बँकेने बाधितांच्या तक्रारी ऐकणारे तपासणी मंडळ स्थापन केले. धरण मात्र थांबले नाही. 2017 मध्ये त्याचे लोकार्पण झाले. कर्जाबरोबर गेली ती पुनर्वसनाचा जाब विचारणारी बँकेची देखरेख.