जबड्यावरचे तीन पट्टे

फाउंडेशन आपल्या त्वचेच्या रंगाचं घ्यावं म्हणतात. पुण्यात बारा महिने स्कूटर चालवणाऱ्या बाईने हे करून दाखवावं! माझ्या अंगावर एकाच वेळी निदान चार रंग नांदतात. स्कार्फमधून उघडा राहणारा कपाळाचा पट्टा सगळ्यात रापलेला, गॉगलमागचे डोळे त्याहून बरे. हात कोपरापर्यंत वेगळेच. आणि ब्लाउजच्या बाहीखाली जो रंग जपून राहिलाय, तोच आईने बायोडेटात ‘उजळ’ म्हणून लिहिला होता. खोटं काही नव्हतं त्यात. पाहायला येणाऱ्यांना तो दिसणार नव्हता, इतकंच.

भाचीच्या लग्नासाठी हे चारही रंग घेऊन मी मॉलमधल्या काउंटरवर गेले.

“मॅडम, अंडरटोन काय तुमचा?”

रक्तगट विचारला असता तर सांगितला असता. अंडरटोन म्हणजे त्वचेच्या रंगाखालची झाक. मग काउंटरवरच्या मुलीने माझं मनगट उताणं केलं आणि वैद्यासारखी त्यावर वाकली. नसा हिरवट दिसल्या तर वॉर्म, म्हणजे पिवळसर झाक; निळ्या-जांभळ्या दिसल्या तर कूल, म्हणजे गुलाबी; काहीच ठरेना तर न्यूट्रल. मला त्या हिरव्या दिसत होत्या, तिला निळ्या. लिपस्टिकच्या काउंटरवरची तिसरी मत द्यायला आली, तिला दिसल्याच नाहीत. “पाणी कमी पिता का?” म्हणाली.

बाटल्यांवरची अक्षरं तर और. मॅक कंपनीचा एनसी म्हणजे न्यूट्रल कूल, आणि तो पिवळसर झाक असलेल्यांसाठी. एनडब्ल्यू म्हणजे न्यूट्रल वॉर्म, तो गुलाबी झाकवाल्यांसाठी. म्हणजे तुम्ही वॉर्म असाल तर कूलच्या रांगेत उभं राहायचं. तहसील कचेरीत दाखले काढलेल्या माणसाला हे लगेच कळतं.

पूर्वी निदान “आमच्याकडे तुमची शेड नाही” असं ऐकून सुटका व्हायची. गायिका रिहानाने २०१७ मध्ये तिच्या फेंटी ब्यूटी या ब्रँडचं फाउंडेशन एकदम ४० छटांत आणलं आणि बाकीच्या कंपन्यांनाही छटा वाढवाव्या लागल्या. न्याय झाला, वादच नाही. पण आता शेड न सापडण्याचा दोष ग्राहकाकडे आला.

शेवटी मुलीने माझ्या जबड्यावर तीन उभे पट्टे ओढले. शेड हातावर बघायची नसते, जबड्यावर बघायची. चेहरा आणि मान दोघांशी जमवून घेणारी जागा ती एकच. शिवाय लगेच निकाल लावायचा नाही. हवा आणि चेहऱ्याचं तेल लागून रंग जरा गडद होतो, तोवर थांबायचं.

“पहिला घ्या मॅडम, फंक्शनला ब्राइट दिसेल.”

पहिला म्हणजे सगळ्यात गोरा. आपल्याकडे कुठल्याही काउंटरवर तुम्हाला एक पायरी वरच चढवतात. वधुवरसूचक मंडळाची सवय आहे ती, दुकानात आली एवढंच. आणि हा ब्राइटपणा फ्लॅश पडला की काय करतो, ते मी नणंदेच्या रिसेप्शनच्या अल्बममध्ये पाहिलंय. मान नणंदेची, चेहरा चुन्याच्या निवळीचा.

दुकानातल्या पिवळ्या दिव्यांवर माझा विश्वास नव्हता, म्हणून छोटा आरसा घेऊन उन्हात जायला निघाले. दारात वॉचमनने अडवलं. मी जबडा दाखवला. त्याने मान तिरकी करून तिन्ही पट्टे नीट न्याहाळले.

“मधला, ताई. पहिला वर तरंगतोय. तिसऱ्याने आजारी वाटताय.”

त्याला अंडरटोन कोणी शिकवला नव्हता. मधला पट्टा खरंच शोधावा लागत होता.

आत येऊन मधला मागितला. मुलीने खण उघडला, दुसरा उघडला, संगणकात पाहिलं.

“मधला आउट ऑफ स्टॉक आहे मॅडम. पहिला आणि तिसरा घ्या ना, मिक्स करतात हल्ली सगळे.”

मी दोन्ही बाटल्या घेतल्या. लग्न परवावर होतं आणि मनगट पुन्हा कोणाला दाखवायची इच्छा नव्हती. निघताना वॉचमनने बिलावर शिक्का मारला, पिशवीत डोकावला, दोन बाटल्या पाहिल्या आणि काही बोलला नाही. मी चार पावलं गेल्यावर मागून हाक आली.

“ताई, गालावरचं पुसून जा!”