काल मी मधे मधे का थांबत होतो

काल शो संपल्यावर बेसिस्टच्या बायकोने मला बाजूला घेतलं आणि अगदी मनापासून काळजीने विचारलं, "बरं वाटत नव्हतं का रे? मधे मधे थांबत होतास." मी म्हटलं, "थांबत नव्हतो वहिनी, तिथे एको होता." तर म्हणे, "कुठे होता?"

मी बँडमध्ये ड्रम वाजवतो. आता तो एको कुठे होता ते सांगतो, कारण घरात हे ऐकून घेणारं कोणी उरलेलं नाही.

प्रकरण थोडक्यात असं. स्नेअरचा, म्हणजे ड्रमसेटमधल्या त्या कडक वाजणाऱ्या छोट्या ड्रमचा, माइक मिक्सरमध्ये जातो, तिथून एका सेंडने, म्हणजे आवाज बाहेर पाठवायच्या वाटेने, तो बाहेर काढायचा, गिटारच्या पेडल्समधून (आवाज बदलणारे, पायाने दाबायचे डबे) फिरवायचा आणि मिक्सरच्या दुसऱ्या चॅनलवर परत आणायचा. पहिल्या चॅनलवर मूळ कोरडा स्नेअर जसाच्या तसा चालू, शेजारच्यावर डिस्टॉर्शन (आवाज फाडून घोगरा करणारं) आणि डिले (तोच आवाज पुन्हा पुन्हा उमटवणारा एको) लागलेला, आणि दोन्ही चवीपुरते मिसळायचे. यात अडचण एकच की मिक्सर बाहेर फेकतो लाइन लेव्हल, म्हणजे प्रोफेशनल मिक्सर असेल तर +४ डीबीयू, साधारण १.२३ व्होल्ट, आणि पेडल बिचारं बनलंय गिटारच्या पिकअपसाठी, ज्याची ताकद त्यामानाने किरकोळ आणि इंपीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, भलताच जास्त. म्हणून जाताना मधे रीअँप बॉक्स लागतो, जो आवाज पेडलला झेपेल असा करतो, आणि येताना डीआय बॉक्स, जो तो परत मिक्सरला जुळवतो. हे सगळं मी स्वतःचं आणलं होतं, केबलींसकट, प्रत्येक केबलला चिकटपट्टी लावून वर नाव लिहून. साउंडवाल्याने मला द्यायचं काय होतं, तर एक सेंड आणि एक चॅनल. किडनी मागितली नव्हती.

आमचा गिटारिस्ट पेडलबोर्ड उघडतो तेव्हा त्याच्यावर एवढे दिवे लागतात की स्टेजचे बंद केले तरी चालतील. त्याला आजपर्यंत कोणीही विचारलेलं नाही की बाबा हे कशाला. उलट दोन पोरं मोबाईल घेऊन फोटो काढायला येतात. आणि मी माझे मोजके पेडल एका स्टँडवर मांडले की लगेच चौकशी समिती बसते.

स्टँडवर का मांडले तर, गिटारिस्टचे दोन्ही पाय रिकामे असतात, ही गोष्ट कोणी कधी नीट लक्षात घेतलीय का? अख्खा शो तो माणूस उभ्याने काढतो आणि पायांना काम काय, तर अधूनमधून एक बटण दाबणे. माझा उजवा पाय किकवर (खालचा मोठा ड्रम), डावा हाय-हॅटवर (पायाने मिटणारी झांजांची जोडी), हात दोन्ही कामात. डिले चालू करायचा म्हणजे चौघांपैकी एकाला रजा द्यावी लागते. मी डाव्या हातातल्या स्टिकच्या मागच्या टोकाने बटण दाबतो, ते जरा चुकलं की नॉब फिरतो, आणि फीडबॅकचा, म्हणजे एको किती वेळा उमटेल त्याचा, नॉब फिरला की डिले थांबायचं नावच घेत नाही. असो. हे सगळं मी घरी घटवून आलो होतो. किकला फझ (आणखी जाड डिस्टॉर्शन) लावून बघितला, खालचा सगळा दम निघून जातो म्हणून काढून टाकला. सूर एक सप्तक वर-खाली नेणाऱ्या ऑक्टेव्ह पेडलला स्नेअर दिला तर ते भंजाळतं, कारण त्याला धरायला एक धड सूर लागतो आणि स्नेअरमध्ये तो नसतो. फेजर सिंबलवर मात्र झकास लागतो, जेट विमान डोक्यावरून गेल्यासारखा. पण कालसाठी साधा बेत होता, स्नेअरवर थोडं डिस्टॉर्शन आणि मग डिले.

साउंडचेकला साउंडवाल्याने पहिलं काम काय केलं, तर परत आलेल्या चॅनलवरचाही तोच सेंड उघडला. म्हणजे पेडलमधून आलेला आवाज पुन्हा पेडलमध्ये, तिथून पुन्हा चॅनलवर, तिथून पुन्हा पेडलमध्ये. जी शिट्टी सुटली ती अशी की लाईट लावणारा पोरगा शिडीवर दोन पायऱ्या खाली आला. आणि सगळ्यांनी बघितलं कुणाकडे? माझ्याकडे. मिक्सर शंभर फूट लांब, त्याच्यावर हात दुसऱ्याचा, पण स्टेजवर अनोळखी डबे माझे ना, मग झालं तर.

शिट्टी थांबली आणि त्या शांततेत काका आले.

काका म्हणजे पन्नाशी-साठीचे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि चालण्यात असा अधिकार की हॉल त्यांचाच असावा. ते कोण होते हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही नाही. मला वाटलं आयोजकांपैकी कोणी. आयोजकांना वाटलं साउंडच्या टीमचे. ते थेट ड्रमजवळ आले, हात मागे बांधले आणि पेडल्सकडे बघत उभे राहिले.

"हे काय आहे?"

"पेडल आहेत काका."

"गिटारचे ना?"

"हो."

"मग गिटार कुठंय?"

"गिटार नाहीये. ड्रमचा आवाज जातोय त्यातून."

काकांनी आधी पेडलकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा पेडलकडे, आणि या वेळी त्या नजरेत सहानुभूती होती. पेडलबद्दल. मी त्यांना पळवून आणलंय अशी.

"बाळा, ड्रम हे ॲकॉस्टिक वाद्य आहे."

मी हो म्हटलं. वयाने मोठा माणूस, शोच्या आधी कशाला वाद.

"आमच्या वेळी ड्रमला माइकसुद्धा नसायचा. मनगटात जोर होता."

मी पुन्हा हो म्हटलं. आता इथे थांबले असते तर हा लेखच झाला नसता. पण काकांना माइक बघायचा होता. त्यांनी गुडघ्यावर हात टेकले, वाकले, तोंड बरोबर स्नेअरच्या वर आणलं आणि निकाल दिला, "असं नसतं करायचं."

डिस्टॉर्शन म्हणजे काय करतं, तर मोठा आवाज कापतं आणि बारीक आवाज ओढून वर आणतं, म्हणूनच स्नेअरच्या माइकला ते लावलं की शेजारचा हाय-हॅट किंचाळायला लागतो. त्यासाठी आधी नॉईज गेट लावतात, म्हणजे स्टिक पडेल तेवढ्यापुरतंच दार उघडतं. माझा गेट मी लेव्हल ठरेपर्यंत चालूच केला नव्हता. त्यामुळे एरवी ज्या माइकला कुजबुज ऐकूही येत नाही तो काकांचं वाक्य घेऊन गेला, त्याला डिस्टॉर्शनने घोगरं केलं, डिलेने हातात घेतलं आणि अख्ख्या हॉलला ऐकवलं. करायचं... रायचं... यचं... चं.

काका ताडकन सरळ झाले. मागे वळून बघितलं. मागे पडदा. मग पुन्हा वाकले, कारण त्यांना वाटलं आवाज माझ्या ड्रममधून आला, आणि ड्रममध्ये तोंड घालूनच विचारलं, "कोण बोललं?"

बोललं... ललं... लं.

"ए, नक्कल कोण करतंय रे?"

तंय रे... य रे... रे.

शिडीवरचा पोरगा आता शिडी धरून हसत होता. बेसिस्ट पाठ करून केबल गुंडाळायला लागला, केबल आधीच गुंडाळलेली होती. मला पेडल बंद करता आलं असतं, दोन्ही हात मोकळे होते. नाही केलं. काकांनी शेवटचं म्हणून, जरा आवाज चढवून, "हे बंद कर आधी!" असं स्नेअरला सांगितलं, आणि स्पीकर्सनी त्यांना कर आधी, र आधी, धी असं नम्रपणे विरत जाणारं आश्वासन दिलं. मग काका माझ्याकडे एकदाही न बघता स्टेजवरून उतरले आणि मिक्सरच्या दिशेने गेले. मी तिकडे लक्ष दिलं नाही, कारण तेवढ्यात गिटारिस्टचा टोन सेट व्हायला लागला आणि तो चालू झाला की वेळ ही कल्पनाच संपते.

मला काकांना सांगायचं होतं की ड्रमवर एको लावायचं हे काही मी शोधून काढलेलं नाही. लेड झेपेलिन या रॉक बँडचं "व्हेन द लेव्ही ब्रेक्स", १९७१ चं. ड्रम एका जुन्या मोठ्या घराच्या जिन्याखाली ठेवला, दोन माइक वर जिन्यात टांगले आणि आवाज बिन्सन एकोरेकमधून काढला, जे इटलीतलं एको मशीन गिटारवाले वापरायचे. आणि मजा म्हणजे त्या मशीनच्या आत टेप नसते, आवाज एका फिरणाऱ्या मॅग्नेटिक ड्रमवर उमटतो. म्हणजे ड्रमचा आवाज ड्रममधूनच गेला की. नंतर १९७७ मध्ये डेव्हिड बोवीच्या "लो" या अल्बमवर स्नेअरला इव्हेंटाइडचं हार्मोनायझर लावलं, ठोका पडला की सूर खाली घसरत जातो. तेव्हा कोणी काका आले असते तर? पण हे सगळं मला रात्री अंथरुणात सुचलं, आणि तिथे काका नव्हते.

शो सुरू झाला आणि खरं सांगतो, माझ्या मॉनिटरमध्ये, म्हणजे मला ऐकायच्या स्पीकरमध्ये, असा सुंदर आवाज होता. १२० च्या टेम्पोला एक बीट ५०० मिलिसेकंदांचा, डिले मी ३७५ वर लावलेला, म्हणजे डॉटेड आठवा (पाऊण बीट), तुम्ही एक ठोका मारता आणि पुढचे तो बीटच्या आडून आडून वाजवत जातो. अशा वेळी कमी वाजवायचं असतं. सगळ्या जागा आपणच भरल्या तर डिले बोलणार कुठे? म्हणून मी जागा सोडल्या. नेहमीची फिल्स (मधल्या जागा भरणारे तुकडे) गाळली. तिसऱ्या गाण्यात कोरसच्या आधी मी एकच रिमशॉट (कडेसकट मारलेला कडक ठोका) मारला, दोन्ही स्टिक वर धरल्या, डोळे मिटले आणि एको विरेपर्यंत थांबलो. मला वाटलं हॉल श्वास रोखून ऐकतोय.

रात्री वहिनींनी काढलेला व्हिडिओ बघितला. त्यात मी एक ठोका मारतो आणि स्टिक वर करून, डोळे मिटून बसतो. बाकी काही नाही. पंख्याचा आवाज येतोय. गायिका एकदा वळून माझ्याकडे बघते. मागून कोणीतरी बारीक आवाजात म्हणतं, "विसरला."

झालं असं की तो पेडलवाला चॅनल शोभर खाली होता. पूर्ण खाली. साउंडवाल्याने म्यूट दाबलं असतं तर बहुतेक मिक्सरवर मॉनिटरमधलाही आवाज बंद होतो, मला पहिल्याच गाण्यात कळलं असतं. पण त्याने नुसता फेडर, म्हणजे चॅनलचा आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी, खाली ओढला, आणि मॉनिटरचा सेंड प्री-फेडर, फेडरच्या आधीच निघालेला, म्हणून मला सगळं ऐकू येत राहिलं. फक्त मला. मी आज सकाळी फोन करून विचारलं, दादा, फेडर का ओढला? तर साउंडवाला शांतपणे म्हणतो, "अहो तुमच्या बाबांनीच सांगितलं ना."

"माझ्या बाबांनी?"

"ते शर्टाला पेन होतं ते. म्हणाले त्याला काही बोलू नको, वाईट वाटेल, नुसता बंद ठेव."

म्हणजे हॉलमधल्या एका अनोळखी माणसाला माझ्या भावनांची काळजी होती, आणि त्या काळजीपोटी मला पूर्ण शो मूर्ख दिसू दिलं. माझे खरे बाबा हे ऐकून म्हणाले, त्यात चूक काय सांगितलं त्यांनी.

आता विनोद बाजूला. ड्रमर सगळ्यांच्या आधी येतो, सगळ्यात जास्त सामान उचलतो, सगळ्यांच्या नंतर निघतो, आणि साउंडचेकमध्ये त्याच्या वाट्याला काय, तर लांबून ओरडलेलं "किक... किक... किक... स्नेअर... बास." बास म्हणजे पुरे, बेस नव्हे. गिटारच्या टोनवर चर्चा होते, मतं घेतली जातात, हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत जाऊन ऐकलं जातं. त्याने एखादी नवीन गोष्ट आणली की तो प्रयोग, मी आणली की ती लुडबूड, आणि ती बंद करताना मला सांगायचीही कोणाला गरज वाटत नाही. गिटारचा चॅनल असा गुपचूप खाली घेऊन बघा एकदा. दुसऱ्या बारला शो थांबेल.

आणि वर ज्याने त्याने येऊन सांगावं की आज ड्रम एकदम नॅचरल वाटले! गिटारिस्टने तर खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "आज तू स्पेस दिलीस ना, मला खूप मोकळं वाजवता आलं, असंच ठेव." त्या व्हिडिओत नीट बघितलं तर माझ्या प्रत्येक सोडलेल्या जागेत तो आहे. एकही सुटलेली नाही.

म्हणून ठरवलंय, पुढच्या शोला पेडलचा आवाज मिक्सरला द्यायचाच नाही. एक ॲम्प घ्यायचा, ड्रमच्या मागे ठेवायचा, पेडल थेट त्यात, नॉब माझ्या हाताशी, बाबा-काका कोणी आले तरी आधी मला ओलांडून जावं लागेल. माइक स्नेअरवर वेगळा लावेन, लागला तर छोटा मिक्सरही माझा आणेन. दुपारी ग्रुपवर हे टाकलं. बेसिस्टने अंगठा दिला. गायिकेने विचारलं, ॲम्प कोण उचलणार. आणि गिटारिस्टने, ज्याचा ॲम्प माझ्या डाव्या कानामागे कायम सातवर असतो, त्याने लिहिलंय की नको, स्टेज व्हॉल्यूम वाढेल.